कापडाचा आरसा

अठरा एप्रिल. सकाळी उठल्याबरोबर मी अस्तरं भिजत घातली. लग्नसराई होती, टेबलावर ब्लाउजपिसांचा ढीग होता. अस्तर न भिजवता शिवलेला ब्लाउज पहिल्याच धुण्यात आवळून बसतो आणि गिऱ्हाईक ते जन्मभर लक्षात ठेवतं. गडद अस्तरं एका बादलीत, फिकी दुसरीत, वर ताट पालथं घातलं आणि चहा टाकला. तेवढ्यात नंदुरबारकडून येणाऱ्या एसटीतून भाची उतरली.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून आठवीपासून बारावीपर्यंत ती प्रकाशा गावी माझ्याकडे राहिली. शाळेतून आली की दप्तर टाकून दुकानात बसायची. आधी बटणं, मग तुरपाई, मग कात्री, असं करत पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती माझ्याइतकीच कटिंग करू लागली. पुढे इंजिनिअर झाली. आता दक्षिणेतल्या एका शहरात प्रयोगशाळेत नोकरी करते. ती तिथे नेमकं काय करते हे तिने मला फोनवर पुष्कळदा सांगितलं होतं. त्यातलं मला एवढंच उरलं होतं, की आकाशात पाठवायच्या दुर्बिणीसाठी ती आरसे बनवते.

घरात आमचं बोलणं अहिराणीत चालतं. इथे मी ते बरंचसं मराठीत लिहिते आहे, म्हणजे बाहेरच्या वाचणाऱ्याला अडायला नको.

चहा पिता पिता तिने बॅगेतून एक डबा काढला. आत फोमच्या खाचेत एक षटकोनी चकती होती, तळहाताहून थोडी मोठी. पाठ काळी, तिच्यात बारीक रेघा. पुढची बाजू लख्ख आरसा. मी काचेच्या वजनाच्या हिशोबाने उचलला आणि हात आपोआप वर गेला. पापडाइतकंही वजन नव्हतं.

"हा कशाचा?"

"कापडाचा," ती म्हणाली. "कार्बनच्या धाग्याचा. डिंक लावलेल्या कापडाचे आठ थर एकावर एक ठेवायचे, गुळगुळीत साच्यावर दाबायचे, भट्टीत भाजायचे. मग वर धातूचा मुलामा."

मी तो उलटा करून रेघा पाहत होते, तेवढ्यात गल्लीतली एक गिऱ्हाईक बाई आली. तिच्या मुलाचं लग्न होतं. तिने पिशवीतून जांभळा ब्लाउज काढून माझ्या टेबलावर आपटला.

"ताई, हाई दख. मन्हा हात नीट शे, तुन्ही बाही फिरी ऱ्हायनी."

बाहीची शिवण खरंच पुढे आली होती. मी म्हटलं, कापडात पॉलिस्टर आहे, धुतल्यावर फिरलं असेल. धुण्याआधी नीट होता ना?

"धवाना आधी घालनाच नही मी. माले काय माहीत?"

"मग धुण्यानेच फिरलं," मी म्हटलं. ब्लाउज घेतला आणि फळीवर ठेवला. हाताशी एवढं काम असताना असल्या तक्रारीचा निकाल मी दोन वाक्यांत लावते.

तिची नजर एव्हाना आरशावर गेली होती. "हाई काय शे?"

भाचीने सांगितलं, कापडाचा आरसा.

"कापडना आरसा? मंग तोंड पुसानं का दखानं?" असं विचारून ती हसत हसत निघून गेली. जाताना ओट्यावरून ओरडून गेली, की हळदीच्या आत बाही नीट झाली नाही तर ती एका हाताने अक्षता टाकेल.

ती गेल्यावर मी भाचीला नीट बसवलं आणि पहिल्यापासून विचारलं. कापडाचा कशाला? काच काय वाईट आहे? तिने सांगितलं ते असं. रॉकेटवर वजन न्यायचं म्हणजे फार जड काम. काचेचा मोठा आरसा जाड लागतो, म्हणून जड होतो. कार्बनचा धागा हलका आणि ताठ. पण खरी गोष्ट वजनाची नाही, आकाराची आहे. वर गेल्यावर आरशाच्या एका अंगाला ऊन लागतं, दुसरं अंग गारठतं. तरी त्याने आकार बदलायचा नाही. किती नाही, तर केसाच्या हजाराव्या भागाइतकाही नाही. तेवढा बदलला तरी तारा फिसकटून दिसतो.

"तापलं की सगळंच वाढतं," मी म्हटलं. माझं लोखंडी शटरसुद्धा मे महिन्यात अडकतं.

"हा धागा वाढत नाही. तापला की लांबीत किंचित आखडतो. डिंक मात्र फुगतो. धागे चारी दिशांना बरोबर बसवले की एकाचं आखडणं आणि दुसऱ्याचं फुगणं एकमेकांना खाऊन टाकतं. चकती जागच्या जागी राहते."

हे मला फार आवडलं. तापल्यावर आखडणारा धागा मी कधी हाताळला नव्हता. मी तिला तीच गोष्ट दोनदा सांगायला लावली.

मग तिने तो डबा बरोबर का आणला ते सांगितलं. ही चकती बाद झालेली होती. साच्यावरून काढली, तेव्हा मोजायच्या यंत्रावर दुसऱ्यांचं काम चालू होतं. हिचा नंबर लागेपर्यंत बरेच दिवस गेले. तोवर ती नुसती कपाटात होती आणि बाहेर दमट हवा. मोजली तेव्हा पिळलेली निघाली. डिंक हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, हे त्या कामातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. वर आकाशात तेच पाणी उडून जातं, डिंक आकसतो आणि आकार पुन्हा बदलतो. म्हणून सगळ्यांनी म्हटलं, दोष डिंकाचा.

तो डिंक नवा होता. तिच्याच गटातल्या, वयाने मोठ्या एका बाईंनी कित्येक वर्षं खपून तयार केलेला. भाची त्यांना मॅडम म्हणते. कमी पाणी पिणारा डिंक, हाच त्यांचा दावा होता. सोमवारी बैठक होती. तो डिंक ठेवायचा की सोडायचा हे त्यात ठरणार होतं, आणि चकती भाचीने केलेली असल्यामुळे दोषाचा अहवालही भाचीनेच लिहिला होता.

"मग तुझं काय अडलं?"

"काही नाही. फक्त पाण्याने फुगली असती तर वाटीसारखी गोल फुगली असती. ही कोपऱ्यांनी पिळली आहे. माझ्या मनाला ते पटत नाही. तिथे वाळवून पुन्हा मोजायला यंत्र मोकळं नाही."

वाळवायला यंत्र कशाला पाहिजे, असं मला वाटलं. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर सकाळी टाकलेली ओली गोधडी दुपारच्या आत खडखडीत होते. मी तसं म्हटल्यावर ती हसली. पण मग थांबली, विचार केला आणि म्हणाली की चकती पातळ आहे, हवा कोरडी आहे, पत्रा चटका देतो, तेव्हा काही दिवसांत पुष्कळसं पाणी निघेल. मोजायचं कशाने एवढाच प्रश्न.

मोजायची सोय आम्ही दोघींनी मिळून केली. आमचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं आहे. पुढे ओटा आणि दुकान, मागे माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर, आणि सगळी दारं एका रेषेत. सकाळी ओट्यावर ऊन येतं. तिने चकती तीन बटणांवर ठेवली, एका अंगाने थोडी उचलली, आणि उन्हाचा कवडसा थेट स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर पाडला. शेजारी माझा दुकानातला काचेचा आरसा ठेवला, वर त्याच मापाचं भोक पाडलेला कागद. काचेचा कवडसा भाकरीसारखा नीट पडला. कापडाच्या आरशाचा मात्र कोणीतरी एका कोपऱ्याला धरून ओढल्यासारखा तिरपा लांबला होता. मी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि दोन्हींच्या कडा भिंतीवर आखल्या. उंची पुरेना म्हणून पाटावर चढले.

"आणि पाणी निघालं हे कसं कळणार?" मी विचारलं. "कवडसा बदलला नाही, तर तू म्हणशील वाळलाच नव्हता."

तिने चकती तळहातावर तोलली. मग म्हणाली, "वजन. पण तुझ्या स्वयंपाकघरातला काटा त्याला पुरणार नाही."

म्हणून आम्ही सोनाराकडे गेलो. त्याचा काटा काचेच्या पेटीत असतो आणि पंखा बंद करून वजन करतात. त्याने चकती चिमट्याने पारड्यात ठेवली, आकडा सांगितला आणि विचारलं, "ताई, याचा कस कशावर लावू?"

"तुझ्या दगडावर लावू नको, ओरखडा पडेल," मी म्हटलं. "पुन्हा आणीन, तेव्हाही पंखा बंद ठेव."

पुढचे काही दिवस असे गेले. सकाळी चहानंतर कवडसा पाहायचा. दिवसभर चकती मलमलीत गुंडाळून गच्चीच्या पत्र्यावर. उन्हं उतरली की घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. मध्ये एकदा सोनार. मी कामाची बाई आहे, पण खरं सांगते, त्या दिवसांत सकाळी शटर उघडायच्या आधी मी भिंत बघायला जायचे. अस्तरासारखंच हे, असं माझं मन म्हणत होतं. भिजलं होतं म्हणून ताणलं, वाळलं की जागेवर येईल. येईलच.

शनिवारी सोनाराने तिसऱ्यांदा वजन केलं. वजन घटलं होतं आणि मागच्या वेळेपासून आणखी घटायचं थांबलं होतं. जायचं तेवढं पाणी गेलं होतं. रविवारी सकाळी कवडसा पाडला. खडूची कड आणि उजेडाची कड यांच्यामध्ये माझं नखसुद्धा मावलं नसतं. पीळ होता तिथेच होता.

"म्हणजे पाणी नाही," मी म्हटलं.

"पाणी नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "मग काय ते मला कळत नाही. आणि उद्या बैठक आहे."

मी तिला म्हटलं, नुसती बसू नकोस, हात चालव. माझ्याकडे त्या दिवशी कटिंग फार होतं. ती टेबलाच्या पलीकडच्या अंगाला उभी राहिली, मी अलीकडे. ती बाह्या कापत होती, मी ब्लाउजच्या पाठी आणि पुढचे भाग. तिने एक हिरवं पीस घेतलं, एक बाही कापली, दुसरीसाठी मापाचा पुठ्ठा ठेवला. कापड थोडं कमी पडत होतं. तिने पुठ्ठा किंचित फिरवला, तो बसला, तिने खडू मारला आणि कात्री लावली. दोन-तीन घाव झाले आणि कात्री थांबली.

"मावशी, मी आत्ता काय केलं?"

"बाही बसवली."

"तिरकी केली."

"मग? दोन बोटं कमी होतं कापड. बाही आखूड करणार होतीस का?"

तिने कात्री खाली ठेवली. मीही ठेवली. मग ती म्हणाली, "तिथेही मी हेच केलं."

मला आधी कळलं नाही. तिने टेबलावरचा एक हातरुमाल घेतला आणि माझ्यासमोर ताणला. उभ्या धाग्यावर ओढला तर ताठ राहतो, कोपऱ्यांना धरून ओढला तर लांबतो. हे मला माहीत होतं, तिला मीच शिकवलं होतं. तिचं म्हणणं असं, की त्या चकतीत आठ थर असतात आणि ते जोडीजोडीने असतात. मधून वर जो क्रम, तोच मधून खाली. एक थर जरी आपल्या जोडीदारापेक्षा थोडा फिरला, तरी भट्टीतून काढून गार होताना वरचं अंग एका दिशेला ओढतं, खालचं दुसऱ्या, आणि चकती कोपऱ्यांनी पिळते. पाण्याचा त्यात संबंधच नाही. पाचव्या थराच्या वेळी तिच्याकडचं कापड संपत आलं होतं. उरलेल्या तुकड्यावर षटकोन सरळ बसेना. तिने तो किंचित फिरवून बसवला.

"कळलं नाही तुला तेव्हा?"

"कळायला लक्षात तर यायला पाहिजे. हाताने केलं. नवीन गुंडाळी काढायची आणि एवढा तुकडा टाकून द्यायचा, ते माझ्याने झालंच नसेल."

"तिथे टाकून द्यायला सांगतात का?"

"हो. टाकूनच द्यायला सांगतात."

माझ्या दुकानात तुकडा टाकत नाहीत. आडवा-तिडवा लावून त्यात बाही, पट्टी, गळ्याची पायपिंग, नाहीतर बटव्याचं कापड काढायचं, हे मी तिला पाच वर्षं शिकवलं. ब्लाउजला ते बरोबर आहे आणि उद्या दुसरी मुलगी आली तर तिलाही तेच शिकवीन. पण ब्लाउजच्या आत माणूस असतो, तो थोडंफार सांभाळून घेतो.

ती खुर्चीत बसली. "मी गप्प बसले तर उद्या डिंक जाईल. मॅडमचं इतक्या वर्षांचं काम जाईल. माझं काही जाणार नाही. सांगितलं तर कटिंगच्या टेबलावरून मला काढतील. ते टेबल मिळायला मला दोन वर्षं लागली."

"डिंक बदलला, तर पुढचा आरसा कोण कापणार?"

"मीच."

"मग तोही पिळेल."

तिने हिरवं पीस माझ्याकडे सरकवलं. मग फोन घेऊन ओट्यावर गेली. दार उघडं होतं, पण बोलणं इंग्रजीत होतं. मला 'सॉरी' दोनदा कळलं आणि 'मावशी' एकदा. बोलणं लवकर संपेना. मी तेवढ्यात तिची अर्धवट राहिलेली बाही कापून टाकली. कापड फुकट घालवायचं नव्हतं.

आत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता.

"काय म्हणाल्या?"

"आधी विचारलं, कितवा थर. मग विचारलं, कुठल्या बाजूला फिरवला. मग म्हणाल्या, अहवाल मी मागे घ्यायचा, उद्या बैठकीत फोनवरून, स्वतःच्या तोंडाने. नंतर दोन चकत्या करायच्या. एक सरळ, एक मुद्दाम तशीच तिरकी. दोन्ही त्यांच्या डिंकाने. तिरकीच पिळली तर डिंक निर्दोष."

"आणि तू?"

"कापणार दुसरा कोणीतरी. मी फक्त मोजणार. किती दिवस ते बोलल्या नाहीत. आणि म्हणाल्या, वजनाचे आकडे आण. सोनाराचा काटा कुठल्या बनावटीचा आहे तेही विचारून ये."

मला हसू आलं, तिलाही आलं. संध्याकाळी आम्ही दोघी सोनाराकडे गेलो. त्याने काट्याखालची पट्टी पुसून दाखवली आणि विचारलं, "पास झाली का वस्तू?"

"नापास झाली," भाची म्हणाली. "पण तुमचा काटा पास झाला."

घरी आल्यावर तिने भिंतीवरच्या खडूच्या आखणीचा फोटो काढला. मी पुसायला फडकं घेतलं तर नको म्हणाली. मी म्हटलं, स्वयंपाकघर आहे, किती दिवस ठेवू? मग बोलता बोलता मी तिला उरलेलं सगळं विचारून घेतलं. आठच थर का, साचा काचेचाच का, धाग्याची नक्षी मुलाम्यावर उमटत नाही का. उमटते, म्हणाली, तीही एक डोकेदुखी आहे. त्यासाठी वर नुसत्या डिंकाचा एक पातळ हात देतात, आणि मग तो हात पाणी पितो. एक गोष्ट नीट करायला जावं तर दुसरी बिघडते. हे माझ्या ओळखीचं होतं. गळा खोल केला की खांदा उतरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पहिल्या एसटीत बसवलं. बैठकीचा फोन ती नंदुरबार स्टेशनवरून करणार होती. डबा तिने मांडीवर धरला होता. मी परत आले, शटर उघडलं, अस्तरं दोरीवरून काढून घडी केली. मग फळीवरचा जांभळा ब्लाउज घेतला. बाही उसवली, टेबलावर पसरली आणि मधला एक उभा धागा ओढून काढला. धागा निघाला तशी कापडावर बारीक रेघ पडली. बाहीच्या कडांना जुळवून वर पुठ्ठा ठेवून पाहिला. पुठ्ठ्याची मधली खूण आणि रेघ एका रेषेत नव्हत्या. कापताना पुठ्ठा मीच फिरवला होता.

मी शटर अर्धं ओढलं आणि कापडाच्या दुकानात गेले. त्याच रंगाचं कापड मिळेपर्यंत दुकानदाराला तीन गठ्ठे खाली काढायला लावले. परत येऊन नवी बाही कापली, उभ्या धाग्यावर, पुठ्ठा न फिरवता. कोपऱ्यात चांगला मोठा तुकडा उरला. तो मी बटव्यांच्या गाठोड्यात टाकला आणि शिवायला बसले.